0.956 सेकंद: जोर होता, पकड हवी होती

सप्टेंबर 2023 मधली गोष्ट. झ्युरिकजवळ ड्यूबेनडॉर्फ नावाचं गाव आहे, तिथल्या इनोव्हेशन पार्कात विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेली एक बुटकी इलेक्ट्रिक रेसिंग गाडी उभी होती, आत एक तरुणी बसली होती, तिने गाडी सोडली आणि 0.956 सेकंदात गाडी शून्यावरून ताशी 100 किलोमीटरवर पोचली. रस्ता किती लागला, तर 12.3 मीटर. तीन साध्या कार एकामागे एक लावल्या की जेवढी लांबी होते साधारण तेवढाच. इलेक्ट्रिक गाडीने सगळ्यात कमी वेळात 100 चा वेग गाठायचा गिनीज रेकॉर्ड ईटीएच झ्युरिक या विद्यापीठाच्या पोरांच्या नावावर लागला.

या आकड्याचा अर्थ चटकन लक्षात येत नाही म्हणून एक तुलना देतो. उंचावरून दगड सोडला आणि हवेचा अडथळा धरलाच नाही तर त्याला ताशी 100 चा वेग यायला 2.83 सेकंद लागतात, आणि तोपर्यंत तो 39 मीटर खाली आलेला असतो, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत संपली. ही गाडी आडव्या रस्त्यावर त्याच्या जवळजवळ तिप्पट जोराने वेग घेत होती. सरासरी काढली तर गुरुत्वाच्या 2.96 पट.

बातमी आली तेव्हा सगळीकडे "जगातली सगळ्यात वेगाने सुटणारी ई-कार" एवढंच फिरलं, मोटर किती पॉवरची, गाडी किती हलकी वगैरे. पण मला विचाराल तर या प्रकरणाची मेख मोटरमध्ये नाहीच. ती गाडीच्या पोटाखाली आहे. आणि ते नीट समजायला आधीची दहाएक वर्षं बघावी लागतात, कारण हा रेकॉर्ड एका दिवसात झालेला नाही, तो दोन विद्यापीठांतल्या पोरांनी एकमेकांच्या हातून हिसकावत इथपर्यंत आणलाय.

ईटीएचच्या विद्यार्थ्यांचा मोटरस्पोर्ट क्लब 2006 चा. त्यात ल्युसर्नच्या अप्लाइड सायन्सेसच्या विद्यापीठातली मुलंही असतात. फॉर्म्युला स्टुडंट म्हणून जी विद्यार्थ्यांची स्पर्धा असते, जिथे स्वतः डिझाइन करून स्वतः बनवलेली एक-सीटर गाडी घेऊन उतरायचं, त्यासाठी हा क्लब गाड्या बनवतो. गाड्यांना नावं डोंगर-घाटांची. 2014 च्या गाडीचं नाव ग्रिमझेल, हा आल्प्समधला घाट. 2023 मध्ये रेकॉर्ड केला त्या गाडीचं नाव मीटन, श्वित्स गावाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या जोड शिखरांवरून.

आता रेकॉर्डची रांग बघा. 2014 च्या आधी हा आकडा 2 सेकंदांच्या थोडा वर होता आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांकडे होता. 2014 मध्ये ग्रिमझेलने 1.785 केले. 2015 मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठाच्या टीमने 1.779 केले. फरक किती, तर 0.006 सेकंद! ताशी 100 च्या वेगात एवढ्या वेळात गाडी जेमतेम 17 सेंटीमीटर पुढे जाते, वीतभरच म्हणा ना, आणि तेवढ्यासाठी रेकॉर्ड हातचा गेला. मग 2016 मध्ये झ्युरिकच्या पोरांनी तीच ग्रिमझेल सुधारून 1.513 केले आणि रेकॉर्ड परत आणला. तो सहा वर्षं टिकला. 2022 मध्ये स्टुटगार्टने 1.461 केले. आणि वर्षभरात झ्युरिकने 0.956.

ही रांग मी वेळेऐवजी गुरुत्वाच्या पटीत मांडून बघितली, आणि मग चित्र एकदम स्वच्छ दिसलं. 2014 आणि 2015 चे दोन्ही रेकॉर्ड म्हणजे गुरुत्वाच्या 1.59 पट. 2016 चा 1.87 पट. 2022 चा 1.94 पट. म्हणजे 2016 ते 2022 या सहा वर्षांत वाढ झाली फक्त 0.07 ची, आणि पुढच्या एका वर्षात थेट 1.94 वरून 2.96. आधीचं सगळं दोनच्या आसपास येऊन थबकतंय, जणू समोर भिंत आहे, आणि नंतर कुणीतरी ती भिंत ओलांडून पार पलीकडे गेलंय. तर ही भिंत कसली?

आधी जोराचा हिशेब करू. मीटनचं वजन साधारण 140 किलो, चालक आणि बाकी सामान धरून सोयीसाठी 200 किलो म्हणू. एवढं वजन ताशी 100 च्या वेगाला न्यायला ऊर्जा लागते साधारण 77 किलोज्यूल. ऐकायला मोठं वाटतं, पण वॉट-अवरमध्ये काढलं तर 21 होतात, म्हणजे आपल्या खिशातल्या मोबाइलची बॅटरी पूर्ण चार्ज असताना तिच्यात जेवढी ऊर्जा असते जवळपास तेवढीच! (वाया जाणारी ऊर्जा मी धरलेली नाही, ती वेगळी.) मला हे पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा मी गुणाकार दोनदा तपासला होता. तर ऊर्जा फार नाहीये, फक्त ती एका सेकंदात ओतायची आहे, म्हणजे सरासरी 80 किलोवॉट, आणि शेवटी वेग जास्त असताना 160 किलोवॉटच्या आसपास. मीटनच्या चार चाकांतल्या चार मोटरी मिळून देतात 240 किलोवॉट, म्हणजे 326 हॉर्सपॉवर. जोर भरपूर होता. कमी पडत नव्हताच.

मग गाडं अडत होतं कुठे? टायर आणि रस्ता जिथे एकमेकांना टेकतात तिथे. मोटर कितीही मोठी लावा, ती गाडीला थेट ढकलत नाही, ती चाक फिरवते, चाक रस्त्याला मागे रेटतं आणि त्या रेट्यावर गाडी पुढे जाते. टायर रस्त्याला किती रेटू शकतो हे दोनच गोष्टींवर ठरतं, रबर किती चिकट आहे आणि ते रस्त्यावर किती दाबलं गेलंय. रेसिंगच्या गरम केलेल्या गुळगुळीत टायरचा घर्षणाचा गुणांक, म्हणजे दाबाच्या किती पट रेटा मिळतो तो आकडा, दीड ते दोनच्या मध्ये धरता येतो. आणि दाबायला गाडीकडे काय आहे, तर स्वतःचं वजन. म्हणजे फार फार तर वजनाच्या दुप्पट रेटा, म्हणजेच गुरुत्वाच्या दुप्पट प्रवेग. संपलं. इथे 1.94 पटीचा आकडा आठवा. भिंत ती हीच. याच्या वर मोटरमध्ये जोर वाढवला की चाकं नुसती जागेवर फिरणार आणि रबर जळणार.

एक गोष्ट इथे बरेच जण चुकतात. गाडी हलकी केली की पकड वाढत नाही. वजन अर्धं केलं तर लागणारा रेटा अर्धा होतो हे खरं, पण टायरवरचा दाबही अर्धा होतो, हिशेब जिथल्या तिथे. हलकेपणाचा फायदा मोटरीला आणि बॅटरीला होतो, टायरच्या मर्यादेला नाही. निदान नुसत्या वजनावर चालणाऱ्या गाडीत तरी नाही, कारण खाली जे येतंय त्यात हेच उलटं होतं.

मग पंख लावा असं कुणीही म्हणेल. रेसिंग गाड्यांना पुढेमागे पंख असतात, ते हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबतात, विमानाच्या उलट. पण पंखाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ताशी 100 ला जेवढा दाब मिळतो, 50 ला त्याचा पाव भाग, 10 ला शंभरावा भाग आणि उभ्या गाडीला शून्य. आणि आपल्याला पकड हवीय ती नेमकी उभ्या गाडीला, पहिल्या मीटरला, पहिल्या दशांश सेकंदाला. अख्खी शर्यतच 12 मीटरची, त्यात पंख जागा होईपर्यंत सगळं उरकलेलं असतं. म्हणजे हवेचा दाब हवा, पण वेगावर अवलंबून नसलेला हवा.

झ्युरिकच्या पोरांनी काय केलं, तर गाडीच्या पोटाखालची हवा ओढून घेतली. व्हॅक्यूम क्लीनर चालू असताना त्याचं तोंड सतरंजीवर टेकवलं की कसं चिकटून बसतं आणि सोडवायला जोर लावावा लागतो, तसंच. खालचा दाब कमी झाला की वरची हवा गाडीला रस्त्यावर दाबते, आणि गाडी उभी असली तरी दाबते. सुटायच्या आधीच टायर रस्त्यात रुतल्यासारखे बसलेले असतात.

ही कल्पना त्यांची नवीन नाही, हेही सांगायला हवं. 1970 मध्ये अमेरिकेत कॅन-अ‍ॅम या रेसिंग मालिकेत चॅपरल 2जे नावाची गाडी आली होती, मागे दोन मोठे पंखे, बाजूंना रस्त्यापर्यंत लोंबणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या झालरी, आणि पंखे फिरवायला स्नोमोबिलचं, म्हणजे बर्फावरच्या गाडीचं, वेगळं इंजिन. 1978 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये ब्रॅबमने पंख्याची गाडी उतरवली, निकी लाउडाने तिच्यावर स्वीडनची शर्यत जिंकली, आणि त्या एका शर्यतीनंतर ती पुन्हा उतरलीच नाही. चॅपरलवरही बंदी आली होती. या दोघींत एक फरक आहे आणि तो आपल्या प्रकरणात कळीचा आहे. ब्रॅबमचा पंखा गाडीच्याच इंजिनच्या जोरावर फिरायचा, तर चॅपरलचे पंखे स्वतंत्र इंजिनवर, मुख्य इंजिन काय करतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. उभ्यापासून सुटायची परीक्षा असेल तर दुसरीच पद्धत कामाची. आणि इलेक्ट्रिक गाडीत तर हे आणखी सोपं होतं, बॅटरी आहेच, पंख्याला आपली स्वतःची मोटर द्यायची की झालं. वळणावळणांच्या ट्रॅकवर बंदी आलेली ही जुनी युक्ती सरळ रेषेतल्या एका सेकंदाच्या परीक्षेला इतकी चपखल बसेल हे ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं असेल त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

आता हे ओढणं किती लागतं ते बघू, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त आश्चर्य इथे वाटलं. गुरुत्वाच्या तिप्पट प्रवेग हवा. टायरचा गुणांक 2 धरला तर टायरवरचा दाब गाडीच्या वजनाच्या दीडपट लागेल, गुणांक 1.5 धरला तर दुप्पट. एक वजन गाडीचं स्वतःचं आहेच, म्हणजे वरून हवा अर्ध्यापासून एका वजनाएवढा दाब, आपल्या 200 किलोच्या हिशेबात 100 ते 200 किलो. गाडीच्या पोटाचं क्षेत्रफळ सोयीसाठी एक चौरस मीटर धरा. आपल्या डोक्यावरची हवा एक चौरस मीटरवर साधारण 10 टनांचा भार टाकते. त्यातले 200 किलो म्हणजे 2 टक्के. बस्स, एवढंच! गाडीखालची हवा एक ते दोन टक्क्यांनी विरळ केली की काम भागतं. निर्वात पोकळी वगैरे काही करावी लागत नाही.

आणि आता हलकेपणाकडे परत या. ओढून मिळणारा दाब गाडीच्या वजनावर ठरत नाही, तो क्षेत्रफळावर आणि पंख्यावर ठरतो. म्हणजे तेच 200 किलो दोन टनांच्या गाडीला लावले तर दहा टक्के फरक पडेल आणि 200 किलोच्या गाडीला लावले तर पकड दुप्पट होईल. इथे हलकेपणाला पहिल्यांदा खरी किंमत आली. कार्बन फायबर, अ‍ॅल्युमिनियमचं मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार पॅनेल, 140 किलोत सगळं बसवणं, हे सगळं आधीपण होतंच पण ओढणाऱ्या पंख्याच्या जोडीला ते आल्यावर दोन्हींचा गुणाकार झाला. विकत मिळणाऱ्या इलेक्ट्रिक सुपरकार बघा, 1,900 हून जास्त हॉर्सपॉवर आणि दोन टनांहून जास्त वजन, त्या तेव्हा 1.8 सेकंदांच्या आसपास येऊन थांबत होत्या. मीटनकडे त्यांच्या एक षष्ठांश पॉवर होती.

नुसता पंखा लावला आणि झालं असं मात्र नाही. गाडीच्या कडा आणि रस्ता यांच्यात फट जेवढी मोठी तेवढी बाहेरची हवा आत शिरणार आणि पंखा नुसता गरगरत राहणार. बरं, ओढ लागली की गाडी खाली बसते, मग सस्पेन्शन इतकं कडक हवं की पोट रस्त्याला घासू नये. सुटताना वजन मागे जातं, नाक वर उचलायला बघतं, आणि नाक उचललं की पुढची फट वाढते, फट वाढली की ओढ कमी होते, ओढ कमी झाली की पुढची चाकं सुटतात, असं सगळं एकात एक अडकलेलं आहे. चारही चाकांना स्वतःची मोटर असल्यामुळे प्रत्येक चाकाला किती जोर द्यायचा हे कंट्रोलर वेगवेगळं ठरवू शकतो, पण ते त्याला क्षणोक्षणी ठरवावं लागतं. माणसाची प्रतिक्रियाच साधारण 0.2 सेकंदांची, म्हणजे चालकाला चाक घसरल्याचं जाणवून पाय उचलेपर्यंत रेकॉर्डचा पाचवा हिस्सा संपलेला असणार. हे काम सॉफ्टवेअरनेच करायचं.

त्या 12.3 मीटरमध्येही एक बारीक गोष्ट दडलेली आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा प्रवेग असता तर 0.956 सेकंदात गाडी 13.3 मीटर गेली असती. गेली 12.3. म्हणजे सुरुवातीला वेग थोडा सावकाश चढला आणि नंतर जास्त जोरात चढला. याचा अर्थ मी असा लावतो की पहिल्या क्षणी जोर एकदम न देता चढवत नेला असणार, आणि मग उत्तरार्धात प्रवेग गुरुत्वाच्या तिपटीच्याही वर गेला असणार. आत बसलेल्या मुलीच्या पाठीवर आणि मानेवर काय भार आला असेल विचार करा, स्वतःच्या वजनाच्या तिप्पट जोराने कुणीतरी सीटमध्ये दाबतंय आणि तेवढ्यात ब्रेकची वेळ झालेली.

एक खुलासा करतो, कारण शेअर करताना लोक "जगातली सगळ्यात वेगवान गाडी" लिहून मोकळे होतात. हा रेकॉर्ड इलेक्ट्रिक गाड्यांचा आहे. टॉप फ्युएल ड्रॅगस्टर नावाचे नायट्रोमिथेन या इंधनावर चालणारे, सरळ रेषेतल्या शर्यतीचे जे राक्षस असतात ते एका सेकंदाच्या आत 100 मैलांचा वेग गाठतात, किलोमीटर नाही, मैल. त्यामुळे विद्यार्थ्यांचं काम कमी ठरत नाही, उलट त्या ड्रॅगस्टरचे हजारो हॉर्सपॉवर बघितले की 326 मध्ये काय साधलंय ते जास्त कळतं. पण आकडा सांगायचा तर नीट सांगावा.

आणि हे सगळं केलं विद्यार्थ्यांनी, अभ्यास सांभाळून. सर्किट बोर्डापासून चॅसी आणि बॅटरीपर्यंत सगळे भाग त्यांनी स्वतः डिझाइन केलेत आणि जवळजवळ वर्षभर गाडीवर काम केलंय. विद्यार्थी टीमची सगळ्यात मोठी अडचण पैसा नसते, माणसं टिकत नाहीत ही असते. जे पोरगं मोटर कंट्रोलरची खोड ओळखायला शिकतं ते पुढच्या वर्षी पास होऊन जातं, आणि नवीन आलेलं पोरगं त्याच चुका पहिल्यापासून करत बसतं. 2014 ला ग्रिमझेल सोडणारी मुलं 2023 ला कॉलेजात असणं शक्यच नाही. तरी चाकातल्या मोटरी, हलकं शरीर, चारही चाकांवरचा ताबा हे सगळं नऊ वर्षं एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं आणि त्यावर नव्या पोरांनी नवा विचार चढवला. माझ्या मते रेकॉर्डइतकंच हेही अवघड होतं, आणि त्याची नोंद कुठलंच सर्टिफिकेट करत नाही. स्टुटगार्टच्या पोरांचाही यात वाटा आहेच, 1.461 समोर नसता तर 1.513 वर समाधान मानून बसायला काय हरकत होती.

आता पुढे काय, म्हणून मी तोच कागदावरचा हिशेब आणखी ताणून बघितला. मोटरी 240 किलोवॉटच्या, वजन तेच 200 किलो. प्रवेग वाढवत नेला तर ताशी 100 च्या टोकाला लागणारी पॉवर गुरुत्वाच्या 4.4 पटीला बरोबर 240 वर येते. तिथपर्यंत जोर पुरतो, त्याच्या पुढे मात्र मोटरच कमी पडायला लागेल. 4.4 पटीने वेळ येतो 0.64 सेकंदांच्या आसपास. आणि त्यासाठी गाडीखालची हवा किती विरळ करावी लागेल, तर टायरचा गुणांक पावणेदोन धरून साधारण 3 टक्के.